तिसऱ्या फोननंतर

“कॅमेरा नाही ना यात? नक्की?” शशिकांत देवस्थळींनी पुन्हा विचारलं.

“नाही काका. रडार आहे. माणूस उभा आहे, बसलाय की जमिनीवर आडवा पडलाय, एवढंच त्याला कळतं. कपडे घातलेत की नाही तेही कळत नाही.”

“मग माझ्यापेक्षा सभ्य आहे,” काका म्हणाले. “चढ तू स्टुलावर. मी धरतो. आत्ता पडू मात्र नकोस, ते अजून चालू झालेलं नाही.”

नेत्राने साबणाच्या वडीएवढी ती पांढरी पेटी बाथरूमच्या भिंतीवर चिकटवली आणि फोनवर तपासली. हॉलमध्ये एक, बेडरूममध्ये एक आणि ही तिसरी.

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या या घरात काका एकटेच राहत. काकू गेल्याला काही वर्षं झाली होती. काकांनी जन्मभर इथल्याच एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. आता मधुमेहामुळे तळपायांची जाणीव कमी झाली होती आणि तोल जायचा. मुलगी अनया जर्सी सिटीत एका बँकेत होती. तिने आपल्या घराजवळचं वृद्धांसाठीचं एक निवासी केंद्र पाहून ठेवलं होतं. बापलेकीत बरंच भांडण होऊन शेवटी तडजोड झाली होती: हे यंत्र लावायचं, आणि हिवाळा नीट पार पडला तर बाबा इथेच राहतील. नाहीतर केंद्र.

“म्हणजे परीक्षा यंत्राची नाही, माझी आहे,” काका म्हणाले. “आणि पेपर तपासणार माझी मुलगी.”

नेत्रा नागपूरची. बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये एम. एस. करून ती गुरुदत्त साठेंच्या छोट्या कंपनीत लागली होती. फिनलंड, डेन्मार्क, नॉर्वे इथल्या आरोग्य-उपकरणं बनवणाऱ्या लहान कंपन्यांना अमेरिकेच्या बाजारात आणायचं, हे त्यांचं काम. सरकारी परवानग्या, हॉस्पिटलांच्या बैठका, विमा कंपन्यांची मनधरणी. आणि त्याआधी खऱ्या घरांमध्ये एक छोटी चाचणी. ही चाचणी नेत्राकडे होती. लोक मिळवणं सोपं गेलं. गुरुदत्त महाराष्ट्र मंडळात एकदा बोलले आणि दहाबारा घरं तयार झाली.

यंत्र फिनलंडमधल्या एका कंपनीचं होतं. तिथल्या मुख्य इंजिनिअर बाईंचं नाव सातू.

“सातू? सातूच्या पिठातली?” काकांनी विचारलं होतं.

“हो काका. आणि तशाच आहेत. कोरड्या.”

पहिल्याच व्हिडिओ मीटिंगमध्ये सातूने सांगितलं होतं की यंत्र हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. नेत्राला तो विनय वाटला होता. सातूच्या गावात म्हातारं माणूस पडलं की पेटीचा संदेश नगरपालिकेच्या खोलीत जातो. तिथे एक नर्स कायम बसलेली असते. तिच्याकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या असतात. ती गाडी काढते आणि जाते. संपलं.

कॅरीत अशी खोली नव्हती. म्हणून सुरुवातीला संदेश सरळ आपत्कालीन सेवेकडे जाईल अशी सोय केली. काका रोज दुपारी हॉलमध्ये चटई टाकून पाठीचे व्यायाम करत आणि शेवटी शवासन. फिनलंडमधलं कुठलंही म्हातारं माणूस आपण होऊन जमिनीवर आडवं होत नसावं. पेटीने माणूस पडला असं ठरवलं. खात्री करायला आलेल्या फोनला काकांनी उत्तर दिलं नाही, कारण शवासनात फोन घ्यायचा नसतो. मग आगीचा बंब आला, अ‍ॅम्ब्युलन्स आली, आणि दोन धिप्पाड माणसांनी पुढचं दार फोडलं.

“मी हाफपँटवर,” काका नंतर सांगत. “त्यातला एक गुडघे टेकून विचारतो, सर, तुमचं नाव आठवतंय का? मी म्हटलं, माझं आठवतंय, तुमच्या साहेबाचं सांगा.”

सगळी गल्ली हसली. अनया हसली नाही. दार बदलावं लागलं तेव्हा तिला कळलं आणि तिने त्या केंद्राला फोन केला. तिची समजूत घालायला काकांना आठवडा लागला. त्यानंतर त्यांनी नेत्राला बोलावून स्पष्ट सांगितलं, “यापुढे बंबवाले येणार नाहीत. आणि अनयाला यातलं काही जाणार नाही. नाहीतर ही पेटी काढून घेऊन जा.”

इतर घरांतूनही हाच सूर आला. शेजारच्या रेखा मावशींनी मार्ग काढला. “अगं, आपण आहोत ना! एवढी मराठी घरं आहेत इथे. देवस्थळींची किल्ली तशीही माझ्याकडेच असते. मला फोन येऊ दे. मी नाही उचलला तर विक्रमला.”

विक्रम मागच्या रस्त्यावर राहणारा, आयटीतला, बहुतेक वेळ घरून काम करणारा. तिसरं नाव गुरुदत्तांनी स्वतःचंच दिलं. त्यांना ही कल्पना फार आवडली. बंबापेक्षा शेजारी लवकर पोचतात, हे त्यांनी त्याच दिवशी प्रेझेंटेशनमध्ये घातलं. जमिनीवरच्या व्यायामासाठी नेत्राने हॉलच्या पेटीत दुपारचा तेवढा वेळ वगळला.

मग ती कुणालाही न सांगता अधूनमधून खोटे अलार्म पाठवू लागली. मावशी चपला न घालता धावत यायच्या. विक्रम हेडफोन गळ्यात घेऊन यायचा आणि म्हणायचा, “यार नेत्रा, मीटिंगमधून उठवतेस, निदान चहा तरी ठेव.” प्रत्येकाचा फोन दहातून एखाद्या वेळी चुकायचा. तिघांचा एकदम चुकण्याची शक्यता तिने गुणाकार करून काढली: हजारात एक. आलेख सुंदर होता.

सातूने तो पडद्यावर बराच वेळ पाहिला. “हे तिघे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का?”

“हो,” नेत्रा म्हणाली. “तीन वेगळी घरं आहेत. तिघांचं वेळापत्रक वेगळं.”

सातूने मान हलवली. तिने कॅरी कधी पाहिलं नव्हतं.

जानेवारीत मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. शनिवारी दुपारी, एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात. हळदीकुंकू, मुलांचे नाच, एक छोटं नाटक आणि शेवटी जेवण. विक्रम न्यायला आला तेव्हा काका नको म्हणाले. “तिथल्या खुर्च्यांवर मला बसवत नाही. गुळाच्या पोळ्या तेवढ्या आणा.”

कॅरीतलं जे जे घर मराठी बोलत होतं ते त्या दुपारी सभागृहात होतं. नेत्राने तिळगूळ वाटला. रेखा मावशी नाटकात सासू होत्या. त्यांची पर्स रंगपटात, कोटांच्या ढिगाखाली होती. गुरुदत्त पहिल्या रांगेत उभे राहून मुलीच्या, आरोहीच्या, नाचाचं शूटिंग करत होते. निवेदिकेने सांगितल्याप्रमाणे फोन सायलेंट केलेला होता. मुलांची सगळी गाणी विक्रमच्या फोनमध्ये होती. तो फोन स्पीकरला जोडलेला होता, आणि गाण्याच्या मध्येच कुणाचा कॉल वाजू नये म्हणून त्याने तो विमानात ठेवतात तसा ठेवला होता.

जेवणं आटपल्यावर विक्रम वायरी गुंडाळत होता. त्याने फोन चालू केला आणि तिथेच थांबला.

“नेत्रा. आज टेस्ट पाठवलीस का?”

“नाही.”

“नक्की?”

तिने त्याच्या हातातून फोन घेतला. देवस्थळी, बाथरूम. वेळ पाहिली तर ती मुलांच्या पहिल्या नाचाच्या वेळची होती. बाहेर अंधार पडायला आला होता.

विक्रमने गाडी काढली. मावशी नाटकातल्या लुगड्यावरच मागे बसल्या. मावशी मधूनमधून म्हणत होत्या, “किल्ली आहे माझ्याकडे. किल्ली आहे.”

काका बाथरूमच्या फरशीवर कुशीवर पडलेले होते. शुद्धीवर होते. ओठ कोरडे पडले होते आणि पायजमा ओला होता.

“हलवू नका,” ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण शब्द नीट होते. “उजवा खुबा गेलाय. खालचा हात बधिर आहे. किती वाजले?”

विक्रमने वेळ सांगितली. काकांनी डोळे मिटून हिशेब केल्यासारखं केलं. “मग किडन्यांचं पाहावं लागेल. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना सांग, स्नायू दबलेत, त्याचं विष रक्तात उतरतं, आधी सलाईन लावा म्हणावं.”

नेत्रा त्यांच्याजवळ फरशीवर बसली आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. मावशींनी ब्लँकेट आणलं. भिंतीवर पेटीचा हिरवा दिवा लागलेला होता.

“ती बोलते, हे सांगितलं नव्हतंस,” काका म्हणाले.

“काय बोलते?”

“मदत येत आहे, काळजी करू नका. बाईचा आवाज आहे. दर फोनला एकदा. तिसऱ्यांदा म्हणाली आणि मग गप्प बसली.” त्यांनी श्वास घेतला. “मी तिला हाका मारल्या. पण तिला ऐकू येत नसावं.”

ऐकू येत नव्हतंच. त्या पेटीत मायक्रोफोन नव्हता. लोकांच्या घरातलं बोलणं ऐकायचं नाही, असा कंपनीचा नियम होता, आणि नेत्राने तो प्रत्येक घरात अभिमानाने सांगितला होता.

खुब्याचं ऑपरेशन झालं. किडन्या बंद पडल्या आणि डायलिसिस सुरू झालं. सोमवारी ऑफिसात गुरुदत्तांनी दार लावून घेतलं. त्यांचे डोळे सुजलेले होते.

“मला रात्रंदिवस तेच दिसतंय गं,” ते म्हणाले. “नाचाचं शूटिंग करताना मध्येच स्क्रीनवर पट्टी आली. अलार्मची. मी ती बोटाने बाजूला सारली. आरोहीचा चेहरा दिसत नव्हता म्हणून.”

नेत्राने अहवालाची फाईल उघडली.

“पण अहवाल लिहिताना आपण भावनेच्या भरात लिहायचा नाही. सेन्सरने माणूस पडलेला ओळखला. तिन्ही फोन गेले. यंत्र म्हणून बघितलं तर काहीच चुकलेलं नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“मग तसंच लिही.”

दुपारी सातू पडद्यावर आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शनिवारी दुपारी ड्युटीवर कोण होतं?”

“तीन शेजारी,” गुरुदत्त म्हणाले. “दुर्दैवाने तिघेही एकाच कार्यक्रमाला...”

“ते मला समजलं. मी विचारतेय, ड्युटीवर कोण होतं?”

गुरुदत्तांनी तीच तीन नावं पुन्हा सांगितली. सातूने चाचणी थांबवली. बाकीच्या घरांतल्या पेट्या त्याच आठवड्यात काढायच्या होत्या.

फेब्रुवारीत काकांना पुनर्वसन केंद्रात हलवलं. किडन्या थोड्या सावरल्या होत्या. वॉकर धरून ते पलंगापासून दारापर्यंत जात आणि थकून बसत. हाताची दोन बोटं अजून वळत नव्हती. त्यांनी निरोप पाठवला म्हणून नेत्रा भेटायला गेली. खिडकीपाशी अनया उभी होती. नेत्राने तिला आधी फोनवरच पाहिलं होतं. समोर ती लहान आणि फार दमलेली दिसत होती.

“ये,” काका म्हणाले. “हिला जरा समजाव. मी सांगितलं की तिला तो हट्ट वाटतो. तू शास्त्राने सांग. यंत्र चाललं की नाही?”

“चाललं, काका.”

“ऐकलंस? जे झालं ते एका दिवसाचं झालं. सगळे एकाच जागी होते. आता रेखा अंघोळीलासुद्धा फोन घेऊन जाते. विक्रम रोज येऊन जाईल म्हणालाय. असं पुन्हा होणार नाही.”

“बाबा, प्लीज.” अनया नेत्राकडे वळली. तिचं मराठी इथेच वाढलेल्या मुलीचं, एकेक शब्द जुळवून बोललेलं होतं. “मला तुझ्यावर राग नाहीये. खरंच. मला फक्त फॅक्ट हवाय. बाबा घरी गेले, आणि परत पडले. कोणी येणार का?”

काका नेत्राकडे पाहत होते. ऑपरेशन टेबलावरच्या माणसाकडे वर्षानुवर्षं पाहिलं असेल तशी शांत, लक्ष देऊन पाहण्याची नजर होती ती. पण हात चादरीची कड धरून होते.

नेत्राला येईल म्हणायचं होतं. ते खोटंही ठरलं नसतं. बहुतेक वेळा कुणीतरी आलंच असतं. मावशी धावत आल्या असत्या. उन्हाळ्यात त्या भारतात जातील. विक्रमची नोकरी बदलली तर तो दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला जाईल, असं तो म्हणत होताच. पुढचा गणपती त्याच सभागृहात असेल आणि काका सोडून सगळी मराठी घरं तिथे असतील. दर महिन्याला, दर आठवड्याला एक दुपार अशी असणारच होती, आणि ती कुठली, हे कुणालाच आधी सांगता येणार नव्हतं.

“घरात कुणी राहायला ठेवलं तर...” ती म्हणाली.

“ते मी विचारलं. बाबा नको म्हणतात.”

“परकं माणूस घरात नको,” काका म्हणाले. “मी तुला सांगितलंय, ते नको.”

“मग मला सांगता येणार नाही,” नेत्रा म्हणाली.

“म्हणजे येईल की नाही येणार?”

“खात्रीने येईल असं कुणी नाही.” तिने काकांकडे पाहिलं. “नाही.”

कॉरिडॉरमधून जेवणाची गाडी खडखडत गेली. काकांनी चादरीची कड सोडली. रागावतील असं नेत्राला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आल्यावर मान हलवावी तशी त्यांनी मान हलवली, आणि मग ती तशीच खाली राहिली. अनयाने खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसत त्यांच्या न वळणाऱ्या बोटांवर हात ठेवला.

काकांनी तिच्याकडे न पाहताच विचारलं.

“अनू, तुझ्याकडच्या त्या केंद्रात बाथरूमला आतून कडी असते का?”

अनयाने हात तसाच ठेवला.

“नसते, बाबा,” ती म्हणाली.