महारुद्रचा वेग

"त्याला एकट्याला पळायला धाडू नगं बाई. त्या पोराला कुणालाच न्हाय म्हणता येत न्हाय," सिताबाईंनी सुनेला बजावलं होतं.

"आई, पळताना कुणाला न्हाय म्हणायची वेळ येतीय?" ज्ञानेश्वरीनं हसण्यावारी नेलं.

महारुद्रला शुगर निघाली होती आणि डॉक्टरांनी त्याला रोज पळायला सांगितलं होतं. त्याचे वडील शुगरनंच ऐन तारुण्यात गेले, तेव्हा तो पाळण्यात होता. आता पाळण्यात त्याची लेक अर्पिता होती. म्हणून ज्ञानेश्वरीनं नवऱ्याच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ बांधलं आणि त्याचं अ‍ॅप आपल्या मोबाइलवर घेतलं. रोज सकाळी तो बेंबळीहून धाराशिवच्या रस्त्याला लागला, की ही लेकीला मांडीवर घेऊन नकाशावरचं टिंब बघत बसायची.

टिंब सुसाट सुटायचं. पळणाऱ्यांच्या ग्रुपवर शाबासक्यांवर शाबासक्या!

पण एके दिवशी तिनं टिंबाखालचे काळजाचे ठोके पाहिले. वेग जीपचा आणि ठोके पूजेला बसल्यासारखे शांत. इतकं पळूनही काळीज जागचं हलत नाही म्हणजे काय? लेकीला सासूकडं देऊन तिनं स्कूटी काढली.

पुढं वळणावर महारुद्र दिसला. बुटांच्या नाड्या कचकचून आवळलेल्या, आणि स्वारी दूधवाल्या पंचाक्षरी अण्णांच्या मोटारसायकलवर, दोन कॅनच्या मधी!

"अहो, उतरा आधी!"

"रागवू नका सूनबाई," अण्णा म्हणाले. "रोज पळत निघतंय बिचारं. एस्टी चुकली असंल, कुणी दवाखान्यात असंल. डोळ्यांदेखत कसं सोडून जावं?"

"मग व्यायाम करतोय म्हणून सांगायचं नाही का?" ती नवऱ्यावर उखडली.

"सांगितलं की," महारुद्र पुटपुटला. "अण्णा म्हणले, बसून कर."

ज्ञानेश्वरीनं त्याच्या पोपटी टी-शर्टाच्या पाठीवर ठळक लिहून घेतलं: 'गाडीवर बसवू नये.' दुसऱ्याच दिवशी गावातल्या रामकिसनमामांनी ते वाचायला गाडी थांबवली, "घरात भांडण झालंय व्हय रं?" म्हणून विचारलं आणि समजूत काढायला त्याला हॉटेलात नेलं. गोडमिट्ट चहा, वर पेढा.

आता ज्ञानेश्वरी टिंबापेक्षा ठोकेच बघते. पण घरातून तिला दिसणार तरी किती? तेव्हा सकाळी त्या रस्त्यानं निघालात, तर पोपटी टी-शर्टावर तेवढी नजर टाका. गाडी थांबवू नका. माणूस घामाघूम होऊन धापा टाकत असेल, तर सगळं ठीक आहे. कुणाच्या मागं बसून गप्पा हाणत असेल, तर मात्र त्याला खाली उतरवा आणि त्याच्या बायकोला फोन करा.