छप्पन सालात पडलेलं पत्र

मी एक चाळीस किलोबाइटांचा जीव बोलतोय. जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पोटात माझा मुक्काम असतो. नाव वेळजुळव्या. फोनची लाइन लागून इंटरनेट सुरू झालं की दूरच्या एका मोठ्या घड्याळाला वेळ विचारायची आणि आपल्या संगणकाचं घड्याळ तिच्याशी जुळवायचं, हे माझं काम. दुसरं काही मला येत नाही. आणि आधीच सांगून टाकतो, मी मत्सरी आहे. माझ्या शेजारी राहणाऱ्या टपालघंटीला मी पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतो. माझी गोष्ट ऐकताना हे लक्षात असू द्या, म्हणजे मी कुठे तिखटमीठ लावतोय ते तुम्हाला कळेल.

मला एका शिक्षकाने बनवलं. शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या रिकाम्या प्रयोगशाळेत बसून तो मला लिहायचा, कारण शाळेतल्या सगळ्या संगणकांची घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायची आणि त्याला ते खपत नसे. मला आधी वापरून बघायचं आणि आवडलो तर त्याला एक साधं पत्र टाकायचं, एवढीच त्याची अट होती. त्यासाठी मुदत वगैरे काही नाही. माणूस भिडस्त होता. मीही तसाच निघालो.

पुढे एका मासिकासोबत फुकट मिळणाऱ्या सीडीवर माझी वर्णी लागली. जुन्या मॅकसाठी इंटरनेटची उपयोगी साधनं, एकूण एकशे वीस, अशी ती सीडी होती. आम्ही दाटीवाटीने राहायचो. एकजण लाइन तुटली की फाइल पुन्हा तिथूनच उतरवून घ्यायचा. एकजण दाबून लहान केलेली गाठोडी सोडायचा. एकजण पानावरची चित्रं अडवायचा, म्हणजे मजकूर लवकर येई. आणि माझ्या लगतच होती टपालघंटी. दर पंधरा मिनिटांनी टपाल आलंय का बघायचं, आलं असेल तर टिणटिण वाजायचं, झालं तिचं काम. त्यातही वापरून बघायला तीस दिवस, मग पैसे. तरी तिचा तोरा बघा, सीडीच्या वेष्टनावर नाव तिचं होतं. माझं नव्हतं.

आमच्या मालकीणबाई घरी बसून अक्षरजुळणी करतात. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद तुम्ही पाहिला असेल. कोणी तो वाचत नाही. बाई वाचतात, चार चार वेळा, कारण त्यात एक टिंब इकडचं तिकडे झालं तर कुणाला दहापट गोळ्या जायच्या. त्यांचं जुळणीचं सॉफ्टवेअर जुन्या मॅकवरच चालतं, म्हणून मॅक जुना. स्वयंपाकघरामागच्या लांबट खोलीत खिडकीशी टेबल आहे, टेबलावर मॅक, आणि बाजूच्या वेताच्या खुर्चीत आप्पा, म्हणजे बाईंचे वडील.

आप्पा आयुष्यभर वायरमन होते. घरातलं काम संपलं की भिंतीवरचं प्रत्येक बटण बंद झालं पाहिजे, हा त्यांचा नियम. मॅकचंही. इतकी वर्षं त्याने काही बिघडलं नाही, कारण मॅकच्या आत घड्याळ चालू ठेवणारी एक छोटी बॅटरी असते. ती मेली, आणि मग आप्पांनी बटण बंद केलं की सकाळी मॅक जागा होई तो सत्तावीस ऑगस्ट एकोणीसशे छप्पनमध्ये. जुन्या मॅकची ही खोडच. वेळ विसरला की तो तिथे जाऊन बसतो.

दुरुस्तीवाल्याकडे तशी बॅटरी नव्हती. त्याने त्या सीडीवरून मला आत घातलं आणि बाईंना सांगितलं की लाइन लागली की हा आपणहून वेळ लावील, तुम्ही बघूसुद्धा नका. आणि बाईंनी खरोखरच बघितलं नाही. रोज सकाळी मी त्यांना चव्वेचाळीस वर्षं ओढून आजच्या दिवसात आणायचो आणि त्या चहाचा कप ठेवून कामाला लागायच्या. तरी मी सुखी होतो. खोटं कशाला बोलू, त्या घरात तेव्हा मी एकटाच होतो.

मग बाईंनी त्याच सीडीवरून स्वतःच्या हाताने टपालघंटीला आत आणलं.

त्या सकाळी अजून लाइन लागलेली नव्हती. छप्पन सालच चालू होतं, त्यामुळे टपालघंटीने आपल्या तीस दिवसांचा पहिला दिवस तोच धरला. तासाभराने लाइन लागली, मी इमानेइतबारे वेळ लावली, आणि पुढच्या वेळी तिला उघडल्यावर तिने पाटी झळकावली की आपली मुदत सोळा हजार दिवसांपूर्वी संपली आहे. मला इतकं हसू आलं की काय सांगू. बाईंना नाही आलं. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "त्या घड्याळवाल्याला बंद करून टाका. राहू दे संगणक छप्पन सालात. रोज पहिलाच दिवस, घंटी जन्मभर फुकट."

बाईंना ते पटलं. औषधाच्या कागदावर तारीख त्या हातानेच टाकत, संगणकाची तारीख त्यांच्या कुठल्याच कामात येत नव्हती. त्यांनी मला उचललं आणि 'बंद केलेली' नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकलं. तिथे एक जुना प्रिंटर चालवणारा म्हातारा होता, त्याचा प्रिंटर कधीच भंगारात गेला होता. तो माझ्याशी फार प्रेमाने वागला. मी त्याच्याशी बोललो नाही.

आता टपालघंटीचं राज्य सुरू झालं. ती वाजली की बाई हातातली पोळी तव्यावर टाकून धावत. आप्पाही म्हणत, "अगं, वाजलं बघ." त्यात काय तर कागदाचा भाव कळवणारं पत्र. मी कधी इतका आवाज केला होता का? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बंद केलेल्या फोल्डरमधलं कोण ऐकतो.

त्याच आठवड्यात आप्पांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली. एका डोळ्याने त्यांना दिसणं केव्हाच थांबलं होतं, उरलेल्या एकावरच आता शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की दृष्टी येईल, पण जाण्याचीही शक्यता आहे. आप्पांनी एकच मागणं मागितलं. त्यांना त्याआधी धाकटीला एकदा बघायचं होतं.

धाकटी म्हणजे बाईंची बहीण. दुसऱ्या गावी एका शाळेत ग्रंथपाल आहे. आई गेली त्या दिवशी बाई एका औषधाचा कागद पुरा करत होत्या आणि दवाखान्यात पोचायला त्यांना दोन तास उशीर झाला. धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली की तुझं घड्याळ फक्त तुझ्या कामावर चालतं. त्यानंतर दोन वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या. फोन उचलायचा बाईंना धीर होत नव्हता. म्हणून त्यांनी ईमेल लिहिलं. सबंध सकाळ त्या लिहीत होत्या, औषधाच्या कागदासारखंच चार वेळा वाचत होत्या. त्या दिवशी माझं चुकलं, असं त्यात होतं. आप्पांना तुला बघायचंय, असं होतं. मग त्यांनी ते पाठवून दिलं.

आणि त्या पत्रावर तारीख पडली सत्तावीस ऑगस्ट एकोणीसशे छप्पन.

ज्याच्याकडे ते पोचतं त्याच्या यादीत पत्रं तारखेने लागतात, नवी वर, जुनी खाली. धाकटीकडे शाळेची शेकडो पत्रं. त्यांच्याही खाली, अगदी तळाशी, दोघी बहिणींच्या जन्माआधीच्या सालात बाईंची माफी जाऊन पडली. मला हे त्याच क्षणी कळलं. वेळेतलं मला कळतं.

आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते. मला आनंद झाला. वाटलं, आता कळेल घंटीची किंमत. बाई रोज वाट बघायच्या. टिणटिण झालं की धावायच्या, आणि हळूहळू परत यायच्या. आप्पा विचारायचे, तिचं आहे का? बाई म्हणायच्या, नाही, छापखान्याचं आहे. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर आप्पांनी विचारायचं सोडून दिलं. घंटी वाजली की ते मान खिडकीकडे वळवून बसायचे, आणि एकदा बाईंना म्हणाले की तिला त्रास देऊ नकोस, नसेल यायचं तिच्या मनात. हे सगळं ऐकत मी त्या फोल्डरमध्ये मनातल्या मनात म्हणत होतो, वाजव बाई, अजून वाजव. मत्सर माणसाचं काय करतो ते मी ऐकून होतो. चाळीस किलोबाइटांचंही तेच करतो.

शस्त्रक्रियेला दोन दिवस उरले तेव्हा छापखान्याच्या फोरमनचा फोन आला. दुरुस्त केलेला कागद पाठवला म्हणता, कुठे आहे? बाई म्हणाल्या, कालच पाठवलाय. तो शोधत राहिला, आणि मग हसायला लागला.

"सापडला हो. पार तळाला पडलाय. तुम्ही तर आमच्या वडिलांच्या लग्नाआधी पाठवलाय."

बाईही हसल्या. हसता हसता थांबल्या. फोन ठेवला, पाठवलेल्या पत्रांची यादी उघडली आणि धाकटीच्या पत्रावरची तारीख बघत बसल्या. मग त्यांनी 'बंद केलेली' फोल्डर उघडलं, मला उचललं आणि जागेवर आणून ठेवलं. लाइन लागली. मी इतक्या घाईने वेळ विचारली की समोरच्या घड्याळालाही नवल वाटलं असेल.

टपालघंटी तिथल्या तिथे मेली. मुदत संपली, पाटी आली. मी तिच्याकडे बघितलंही नाही. खरं म्हणजे बघितलं, दोनदा बघितलं.

बाईंनी नवं पत्र लिहिलं, दोनच ओळींचं. अठरा दिवसांपूर्वीचं माझं पत्र तुझ्या यादीत अगदी खाली असेल, ते आधी वाच. मग घंटी नसल्यामुळे त्या स्वतःच दर दोन मिनिटांनी टपाल उघडून बघत राहिल्या. दुपार झाली, कोणी जेवलं नाही. तीन वाजून बावीस मिनिटांनी उत्तर आलं. बाईंनी ते आप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"ताई, मी रोज बघत होते गं. पण वरच बघत होते. उद्या दुपारी पोचते. आप्पांना सांग, जागे राहा."

आप्पांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

एवढं मोठं काम झालं ते घंटीवाचून झालं, हे तुमच्या लक्षात आलं ना? बाईंच्या नाही आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पैसे भरून घंटीची रीतसर नोंदणी केली. म्हणाल्या, ती नव्हती तर कालची दुपार जीव घेत होती. आता तिला उघडलं की वर बाईंचं नाव झळकतं. माझ्या खिडकीत अजून 'आवडलो असेन तर माझ्या शिक्षकाला पत्र टाका' हेच आहे.

धाकटी आली. आप्पांनी उरल्यासुरल्या नजरेने तिला बघितलं, मग हाताने बघितलं. शस्त्रक्रिया झाली. धाकटीने शाळेतून रजा वाढवून घेतली आणि आज तिला परत जायचं आहे, पाचच्या गाडीने. आज सकाळीच आप्पांची पट्टी निघाली आहे.

तुमच्याकडे माझं मागणं थोडंच आहे. एखाद्या पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही कुणावर रुसला असाल, तर एकदा त्या पत्रावरची तारीख बघा. आणि तुमच्या संगणकाच्या कोपऱ्यात माझ्यासारखा कोणी पडून असेल तर त्याला बंद करू नका. तो स्वभावाने वाईट असेल, पण वेळ बरोबर सांगेल.

आत्ता हे तुम्हाला सांगतोय तेव्हा तिघं या लांबट खोलीत आहेत. धाकटीने पिशवी खांद्याला लावली आहे आणि दाराशी उभी आहे, उशीर झाला म्हणते आहे. बाईंचे डोळे भरले आहेत. आप्पा खुर्चीत पुढे वाकले आहेत, डोळा बारीक करून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बघत आहेत, तिथे माझे आकडे आहेत.

"सव्वाचार," आप्पा म्हणाले. "पाऊण तास आहे अजून. बसा दोघी."

धाकटीने पिशवी खाली ठेवली आणि ती बाईंच्या शेजारी जाऊन बसली. टपालघंटी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. कोणी उठलं नाही.