बंदरांचे दगड

दीपकने आमसुलांच्या फडक्यावरचा दगड उचलला, तसं फडकं वाऱ्याने उलटलं आणि रातांब्याची सालं दारापुढच्या खळ्यात सांडली. त्याने ती तशीच टाकली. दगड पिरेयसचा होता. पंचवीस वर्षांपूर्वी ग्रीसच्या किनाऱ्यावर उचलून, मोज्यात गुंडाळून आणलेला. पांढराशुभ्र दगड आता एका अंगाला जांभळट पडला होता.

मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी म्हणून तीस वर्षं काढून दीपक फेब्रुवारीत कायमचा गावी आला होता. अत्तरं, चॉकलेटं सगळेच आणायचे, तोही आणायचा. पण दर सफरीत एक दगड तो स्वतःसाठी आणायचा. यंदा हौसेने रत्नागिरीहून काचेचं कपाट करून घेतलं, माळ्यावरचा दगडांचा पत्र्याचा डबा उतरवला, तर डब्यात कुळथाचं बियाणं.

मग त्याने घर पालथं घातलं. एक दगड दाराला अडसर म्हणून, एक खाटेच्या पायाखाली, दोन कोंबड्यांच्या खुराड्याला. एक तर खारातल्या कैऱ्या बुडून राहाव्यात म्हणून बरणीतच टाकलेला. बायकोला, सुनंदाला विचारलं, तर म्हणाली, घरात पडून होते, लागले तसे घेतले.

दुपारी त्याने सगळे दगड नळाखाली घासून धुतले आणि कपाटासमोर बसकण मारली. वहीचं पान फाडून पट्ट्या केल्या. प्रत्येकीवर बंदराचं नाव आणि साल लिहायचं होतं. एका चपट्या, करड्या दगडापाशी तो अडला.

"सॅन्टोस," तो स्वतःशीच पुटपुटला. "साल काय आठवत नाही."

"दोन हजार चार," सुनंदा दारातून म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"आपल्या शमिकाला कावीळ झाली होती तेव्हा. दीड महिना तिला घेऊन मी दापोलीला, माहेरी होते. तुम्ही आलात तोवर पोर पुन्हा शाळेत जायला लागली होती. हा दगड तुम्ही तिच्या हातात दिलात."

दीपकला ब्राझीलमधल्या सॅन्टोस बंदराचा धक्का आठवला, कॉफीच्या पोत्यांचा वास आठवला. कावीळ मात्र आठवेना. फोनवर त्याला ताप एवढंच सांगितलं होतं.

सुनंदा आत येऊन बसली. एकेक दगड उचलून, वाण्याची यादी वाचावी तशा सपाट आवाजात ती सांगत गेली. काळा डर्बनचा, तो दीपकची आई गेली त्या वर्षीचा. दिवसकार्य सगळं चुलत दिरांनी उरकलं होतं. बुसानचा आला त्या साली वादळात पडवीचे पत्रे उडाले. आणि हा रेघारेघांचा, विहीर खणली तेव्हाचा. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दीपकचं पेन केव्हाच थांबलं होतं.

"तू हे कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"दोन महिन्यांसाठी यायचात तुम्ही. त्यात रडगाणं कुठे गायचं?" तिने दगड खाली ठेवला. "आणि तुम्ही तिकडचं सांगायचात, ते ऐकायला बरं वाटायचं. मी तर भाट्याचा किनारा आणि माहेर सोडून दुसरीकडचा समुद्र कधी पाहिला नाही."

ऊन उतरायच्या आत सालं उलटायला हवी होती. ती उठून गेली.

अर्ध्या भरलेल्या कपाटापुढे पट्ट्या तशाच टाकून दीपक उठला. मग खळ्यात आला. सांडलेली सालं सुनंदाने वेचून पुन्हा पसरली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि एकेक साल उलटू लागला. त्याने चुकीच्या अंगावर ठेवलेली दोन-तीन सालं तिने सरळ केली.

"विहिरीला पाणी कितव्या फुटाला लागलं गो?" त्याने विचारलं.

सुनंदाचा हात थांबला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"पाणी फार नंतर लागलं," ती म्हणाली. "आधी बारा फुटांवर कातळ लागला. गडी काम टाकून निघून गेले."

"मग?"

हाताला लागलेला रस तिने पदराला पुसला, मांडी घातली, आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.