बदल जतन झाले

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराच्या मुख्य बाईंचा फोन आला तेव्हा धाकटी जेवणाचा डबा उघडत होती. बाईंनी ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही.

“तुमचं सॉफ्टवेअर घाला चुलीत! पोराला अंडं चालत नाही असं मी स्वतः भरलं, ‘बदल जतन झाले’ असं आलंही. आणि आज त्याच्या ताटात अंडं गेलं. तोंड सुजलं, श्वास अडकला त्याचा.”

“आता कसा आहे?”

“वाचला. माझी मात्र चौकशी लागलीय. भरलंच नाही म्हणतात. मीच खोटी ठरले!”

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत धाकटी आणि तिचा दादा हॉस्पिटलांसाठी जेवणाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी चालवायचे. सुरुवातीचा कोड दादाचाच.

“विसरल्या असतील बाई,” तो म्हणाला.

धाकटीने एक खोटा पेशंट तयार केला, ‘अंडं नको’ लिहून बटण दाबलं आणि पान पुन्हा उघडलं. नोंद जागेवर होती.

“बघ,” म्हणत दादा चहा करायला उठला.

मग तिने बाईंनाच विचारून त्यांचा मजकूर जसाच्या तसा लिहिला: अंडं नको, अंडं घातलेलं भाजलेलं काही नको, त्याच पळीने वाढू नका, आईला विचारल्याशिवाय गोड देऊ नका. ‘बदल जतन झाले.’ पान पुन्हा उघडलं, तर रकाना कोरा.

त्या रकान्याला अक्षरांची मर्यादा होती. मजकूर लांबला की डेटाबेस अख्खा बदल नाकारायचा. दुरुस्ती किरकोळ होती. पण नाकारल्याचं पडद्यावर दिसत का नव्हतं? तिने कोड उघडला आणि तिचं डोकंच फिरलं. काहीही बिघडलं तरी चूक गिळायची आणि ‘जतन झाले’ दाखवायचं, असं सरळ लिहून ठेवलं होतं.

“हे तू लिहिलंस?”

“डेमोत काही चुकलं की लाल अक्षरं यायची गं. गिऱ्हाईक बिथरायचं. नंतर काढणार होतो.”

“म्हणजे जी बाई जीव ओतून चार ओळी लिहिते, नेमकं तिचंच गायब! आणि वर तिलाच विसरभोळी म्हणतोस?”

“ओरडू नकोस. दुरुस्त कर आणि गप्प बस. कुणाला कळायचं कारण नाही.”

“तिची नोकरी जाईल, दादा!”

“मग आपला धंदा बुडू दे?”

तिने आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. दुरुस्ती केली आणि आधी त्या हॉस्पिटलच्या प्रमुखांना फोन लावला: चूक आमची आहे, बाईंनी भरलं होतं. मग बाकीच्या हॉस्पिटलांनाही एकेक करून सांगितलं, लांब नोंदी पुन्हा तपासा. दादा दार बडवत राहिला, शेवटी थकला.

दोन हॉस्पिटलांनी करार मोडला. दादा तिच्याशी वहिनीमार्फत बोलू लागला. बाईंची चौकशी थांबली, राग मात्र गेला नाही. धाकटीने माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, “मला नको. त्या पोराच्या आईला सांगा. घ्या नंबर.”

धाकटीने नंबर लिहिलेला कागद दादापुढे आपटला.

“हा फोन तू करायचास.”

त्याने कागद परत तिच्याकडे सरकवला. ती हलली नाही. शेवटी घसा खाकरून त्याने फोन उचलला.