एकोणतीस गुण आणि सिकलिंग

आमच्या पप्पांचं देवाशी वैर नाही. ते म्हणतात, जो नाहीच त्याच्याशी वैर कसलं? पण देवाच्या नावाने कुणी अंगारा दिला किंवा लिंबू उतरवलं, की त्यांचं डोकं सणकतं. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मित्र जमवून एक विज्ञान मंडळ काढलं. मेळ्यात जाऊन ते तळहातावरचा पेटता कापूर तोंडात टाकून दाखवतात आणि यात चमत्कार नाही हे लोकांना समजावतात. एकदा अर्धी मिशी जळाली. आई म्हणाली, "बरं झालं. मी कधीची म्हनून राहिली होती, मिशी काढा म्हनून."

आईचं, म्हणजे इंदूचं, सगळं उलटं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, काही सुटत नाही. या विषयावर दोघांचं लग्न झाल्यापासून रोज भांडण होतं आणि माझं मत विचाराल तर त्यावरच त्यांचा संसार टिकला आहे. नाहीतर दोघं बोलले असते तरी कशावर? मी मंजिरी, त्यांची एकुलती एक पोट्टी. बँकेत नोकरी करते. डोकं मात्र पप्पांचंच घेतलंय.

तर मला शिशिर आवडला. तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये लोखंडी सळ्या तपासतो आणि बीरगांवात राहतो. मराठी सगळी समजते, पण तोंड उघडलं की हिंदीच. पहिल्याच भेटीत तो पप्पांना म्हणाला, "काकाजी, हमारे यहाँ सरिया बिना टेस्ट के गेट से बाहर नहीं जाता." पप्पा तिथेच खलास. तो गेल्यावर म्हणाले, "हा पोट्टा कामाचा हाय."

मग त्यांनी अट घातली. "पत्रिका-बित्रिका आपल्या घरात चालनार नाई. पाहाचंच असंल तर रक्त पाहा. दोघंही सिकलिंग करा."

सिकलिंग म्हणजे सिकलसेल या रक्तदोषाची तपासणी, हे आमच्या छत्तीसगड-विदर्भाकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. आई किंवा बाप, एकाकडूनच हा दोष आला तर माणूस ठणठणीत राहतो, फक्त वाहक असतो. दोन्हीकडून आला तर मूल आजारी. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, हाडं दुखतात, आणि हे जन्मभर चालतं. पप्पांनी शिबिरं घेऊन घेऊन अर्ध्या बीरगांवचं रक्त तपासून घेतलं होतं. कुणाचं लग्न ठरलंय असं कळलं की ते त्या पोरापोरीला हाताला धरून शिबिरात आणायचे.

आम्ही दोघांनी हसत हसत रक्त दिलं. मी वाहक निघाले. शिशिरही वाहक निघाला.

पप्पांनी दोन्ही रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचले. मग म्हणाले, "हे लगन होनार नाई."

"काहून नाई होनार?" आई स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "एकोणतीस गुण जुळले हायत!"

पप्पांना एका मिनिटात दोन धक्के बसले. "तू पत्रिका पाह्यली?"

"हव. बांगड्या घ्याले पुरानी बस्तीत गेली होती ना, तेव्हाच गुरुजीकडे जाऊन आली. तुमी रक्त पाह्यलं, मी पत्रिका पाह्यली. माझी चांगली निघाली."

त्यानंतर घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. एरवीचं भांडण म्हणजे आमच्याकडचा करमणुकीचा कार्यक्रम असतो. या वेळी पप्पा जेवले नाहीत आणि आईने देवघरात बसून घंटा जरा जास्तच जोरात वाजवली. मी खोलीत जाऊन रडले. शिशिरचा फोन आला, "यार, तू बोले तो मैं काकाजी से बात करूँ?" मी त्याच्यावरच खेकसले. बिचाऱ्याची काही चूक नव्हती, पण त्या वेळी हाताशी तोच होता.

पप्पा असे का वागत होते ते मला माहीत होतं. त्यांचा एक धाकटा भाऊ होता, सुशील. मी त्याला फोटोतच पाहिलंय. त्याचे हातपाय सुजायचे, हाडं दुखायची, रात्रभर कण्हायचा. घरच्यांनी त्याला गावोगाव फिरवलं, अंगारे लावले, ताईत बांधले. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. शाळेच्या वयातच गेला तो. पप्पांची सगळी मंडळं, सगळे कापूर तिथून सुरू होतात. म्हणून मला त्यांच्यावर नीट चिडताही येईना.

पण दोन-तीन दिवसांनी चिडलेच.

"पप्पा, गुरुजी कागद पाहून लगन लावून देते, तुमी कागद पाहून मोडून राहिले. फरक काय झाला मग?"

"फरक हाय. माझा कागद खरा हाय."

"खरा हाय ना? मग तो काय म्हनते ते एकदा कोनाले विचारा तरी! तुमी त्याची पत्रिकाच करून टाकली. दोष निघाला, चला, मोडा!"

हे त्यांना लागलं. आयुष्यात त्यांना एवढी मोठी शिवी कुणी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच म्हणाले, "चल. शिशिरले पन बोलाव." आई म्हणाली, मी पण येते.

सरकारी दवाखान्यातल्या सिकलसेल विभागात गंधाली मॅडम भेटल्या. नागपूरच्या, तरुण, आणि रोज हेच समजावूनही न कंटाळलेल्या. त्या म्हणाल्या, "दोघंही वाहक असले तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता, की मूल आजारी असेल."

"म्हनजे चार झाले तर एक जाईलच," पप्पा म्हणाले.

"नाही काका. दर वेळी नव्याने. चारही निरोगी होऊ शकतात, आणि पहिलंच आजारीही असू शकतं."

"पत्त्यासारखं," आई मध्येच म्हणाली. "दर डावाले पत्ते पुन्हा पिसाचे. मागच्या डावाचं काही चालत नाई."

"अगदी बरोबर, काकू!"

"म्हनजे देवच दर वेळी पिसते."

"पिसनारा कोनी नाई, इंदू," पप्पा दात-ओठ खात म्हणाले. मॅडम हसू दाबत होत्या. शिशिरने ते दाबलंही नाही.

मग मॅडमनी सांगितलं की तिसऱ्या महिन्यात पोटातल्या बाळाची तपासणी होते, सगळं कळतं. आईने लगेच विचारलं, "अन् आजारी निघालं तर?"

"तर काय करायचं ते या दोघांनी ठरवायचं. आता औषधं चांगली आहेत, अशी मुलं शिकतात, नोकऱ्या करतात. सोपं नाही, खोटं सांगणार नाही. पण लग्न करू नका असं माझा रिपोर्ट कुठेच म्हणत नाही."

 आई देवाधर्माची बाई; पोटातलं मूल ठेवायचं की नाही, हे ऐकून तिच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. मग म्हणाली, "या दोघायचं या दोघायलेच ठरवू दे." मला तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली.

पप्पांनी मात्र मान हलवली. "तुमी सुशीलले पाह्यलं नाई, मॅडम. मी पाह्यलं." आणि त्यांनी ते सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, मंजिरी वाहक आहे. म्हणजे तुम्हा दोघांपैकी एक तरी नक्कीच आहे. तुमचं काय निघालं होतं?"

पप्पा शर्टाची बाही खाली ओढू लागले.

"मले वाटलं यायनं तपासनी कधीचीच केली असंल!" आई म्हणाली.

अर्ध्या बीरगांवला सुई टोचवणाऱ्या माणसाने स्वतःचा हात कधी पुढे केला नव्हता. मला आधी हसू आलं, आणि मग त्यांचा चेहरा पाहून हसू पार गेलं. ते खाली पाहत म्हणाले, "भेव वाटे. सुशीलमधलं माझ्यात बी असंल म्हनून." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आईने पदर सावरला आणि मॅडमना म्हणाली, "यायचं रक्त घ्या. अन् सोबत माझं बी घ्या, हे एकटे घाबरतीन."

रिपोर्ट आणायला पप्पा एकटेच गेले. संध्याकाळी परतले तेव्हा शिशिरही घरी आला होता. मीच बोलावलं होतं, काय व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे म्हणून. पप्पांनी चप्पलही काढली नाही. तसेच दारात उभे राहिले.

"मी वाहक हाय," ते म्हणाले. "अन् इंदू, तू बी."

आईने हातातला चहाचा कप खाली ठेवला. शिशिर बोटांवर काहीतरी मोजू लागला. मला कळायला थोडा वेळ लागला. 

"म्हणजे माझ्या वेळी पण..." मी म्हणाले.

"चारात एक," पप्पा म्हणाले.  "आपल्याले काहीच मालूम नव्हतं, इंदू. तपासनी नाई, काही नाई. अन् त्या वेळी तुझा बाप माझ्यासारखा असता, रक्त पाहून नाई म्हनला असता, तर..."  ते माझ्याकडे पाहत होते. मी इतकी वर्षं त्यांच्यासमोर वावरतेय, पण असं त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं.

आई उठली आणि त्यांच्याजवळ गेली. "देवानं सांभाळलं," ती हळूच म्हणाली.

पप्पांनी सवयीने तोंड उघडलं. "योगायोगानं सांभाळलं, इंदू. निव्वळ योगायोगानं."

"हव," आई म्हणाली. "त्यालेच म्हनून राहिली मी."

पप्पांना हसू आलं, आणि त्या हसण्यातच ते रडले. आईने त्यांना पदर दिला, त्यांनी त्याला खुशाल नाक पुसलं. मग ते शिशिरकडे वळले. "तिसऱ्या महिन्यात तपासनी. पक्की. अन् जे निघंल त्याले दोघं मिळून सामोरं जाचं. आमी हाओत."

"हव, काकाजी," शिशिर म्हणाला.

"मग तुझ्या घरच्याइले घेऊन ये, रविवारी," पप्पा म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांनी चप्पल काढली.