भागवतची जीप रडते तेव्हा

जानेफळात त्या गुरुवारी सकाळी भागवतच्या अंगणात मी मोजली ती एकशे बारा माणसं. नव्वद जीपकडे तोंड करून, वीस एकमेकांकडे, आणि दोघं भिंतीला टेकून चक्क झोपलेली.

भागवत महिन्यापूर्वी गेला. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी फोर-व्हील जीप चालवतानाच छातीत कळ आली. तेराव्याचे दिवस होईस्तोवर जीप गोठ्याशेजारी उभी राहिली. नंतर धाकट्या भावाने, गजेंद्रने, ती बाहेर काढली, आणि वीसच्या वर वेग गेला की गाडी रडू लागली. पुढच्या बाजूने, खालून, तोंड दाबून माणूस रडतो तसं. उभी असताना पुढच्या चाकांच्या मध्ये काळे थेंबही पडत. बायांनी ती आसवं ठरवली, खाली पितळी वाटी ठेवली आणि वाटीला हळदकुंकू वाहिलं.

मग लोखंडीबाबा आले. हे फक्त वाहनांतले आत्मे पाहतात.

"आत्मा गिअरमंदी अटकला, माय!" बाबा भागवतच्या आईला, रुक्मिणीबाईंना सांगत होते. "फर्स्टमंदी मोह, सेकंडमंदी माया, अन् रिव्हर्समंदी बायको!"

चेल्याने पुढच्या दोन्ही चाकांना मधोमध शेंदूर चोळला. गजेंद्र फाट्यापर्यंत जाऊन आला, जीप गप्प. हात जोडले गेले. चेल्याने पुन्हा शेंदूर चोळला, गजेंद्र पुन्हा गेला, जीप रडली.

"बायकोले बोलावून राह्यला तो," बाबा म्हणाले. "हे बाई घरात राह्यली तर तो लेकरू घेऊन जाईन. अमावस्येच्या आत हिले माहेरी पाठवा. पोरगी इथंच ठेवा."

बायको म्हणजे पुष्पांजली. पोरगी म्हणजे सहा वर्षांची करिष्मा. पुष्पांजली उंबऱ्याशी बसून होती, शेजारी भरलेली पिशवी. महिनाभरात तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेही आता तिच्याविरुद्ध पुरावा झालं होतं. दाढ काढण्याआधी सुई दिल्यावर गाल बधिर होतो, तशी ती अख्खी झाली होती.

तिची शाळेतली मैत्रीण धम्मशीला भेटायला आली होती. चिखलीला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवते.

"पुष्पा, तू रोज पाहतेस. काय होते नेमकं?"

"चेला शेंदूर लावते की आवाज जाते," पुष्पांजली दुसऱ्याच कोणाचं सांगावं तसं म्हणाली. "पुन्हा लावते की येते."

"हात कसा फिरवते तो?"

पुष्पांजलीने मनगट वळवलं. बरणीचं झाकण उघडावं तसं.

धम्मशीला उठली, डिझेलचं फडकं घेतलं आणि चाक पुसू लागली. आमच्याकडे दर दसऱ्याला चाकाच्या मधोमध शेंदूर लावतात, आधीचा कोणी काढत नाही. थरावर थर. खालून एक गोल खटका निघाला. तो फिरतो हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

"हा असा फिरवला की पुढची चाकं आतल्या यंत्रापासून सुटतात. यंत्र थांबते, आवाज थांबते. तसा फिरवला की चालू." तिने दोन्ही खटके फिरवून स्वतः जीप नेली. गप्प, मग रडकी, मग गप्प. शेंदराशिवाय.

"भेला तो बाईले!" बाबा ओरडले. "पण पोटात बसून आहे!"

"मग पोट उघडू."

सगळे रुक्मिणीबाईंकडे पाहू लागले. त्या म्हणाल्या, "उघडा. तो असन त मले दिसन."

जीप जॅकवर चढली, खाली लाकडी ठोकळे आले. दुसरं चाक निघालं तेव्हा बाबा आणि चेला निघून गेलेले होते. चाकांच्या मधले हब उघडले, दोन्हीकडचे एक्सल, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, ओढून काढले, इंजिनाकडून येणारा मधला शाफ्ट सोडला. खालचा बोल्ट काढल्यावर दोनेक लिटर तेल यायला हवं होतं; पेलाभर आलं, काळं, चकाकणाऱ्या चुऱ्याचं. मग गोलाकार बसवलेले नट सुटले, आणि गजेंद्र आणि धम्मशीलाने मिळून ते आतलं यंत्र, पुढचं डिफरन्शियल, कढईएवढा लोखंडी गोळा, पोत्यावर उतरवलं. तिने तो हाताने फिरवला. आत खरखर झाली.

"बेअरिंग खाल्लं गेलं. तेल अडवणारं सील फाटलं, तेल गळून गेलं, लोखंडावर लोखंड घासलं. काकू, वाटीत धरलं ते हेच तेल. पहिला थेंब पडला तवाच कोण्या मिस्त्रीले दाखवलं असतं, त आवाजच आला नसता."

रुक्मिणीबाईंनी गोळ्यावर हात ठेवला. रोज संध्याकाळी त्या गजेंद्रला जीप थोडी फिरवायला लावत आणि पायरीवर बसून ऐकत.

"म्हंजे भागवत यात नोयता?"

"नाही, काकू."

"एकडाव बी?"

"एकडाव बी नाही."

हाताला लागलेलं काळं तेल पदराला पुसून त्या म्हणाल्या, "पुष्पे, पिशवी रिकामी कर."

पुष्पांजली उठली. रडली नाही. तीन साड्या कपाटात ठेवल्या आणि करिष्माला जेवायला हाक मारली.

गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा यावा असं वाटण्यात लाज नाही. पण त्या आवाजाचा अर्थ सांगून कोणी तुमच्या घरातलं माणूस बाहेर काढायला निघाला, तर त्याला आधी म्हणा, हे कशाने होतं ते उघडून दाखव. दाखवता आलं नाही, तर दार त्याला दाखवा.