दोनदा दाबलं तर

शिंप्यानं ड्रायव्हरांची मापं घेतली, गार्डांची घेतली नाहीत. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

नव्या विजेच्या गाड्या येणार म्हणून सगळ्यांना नवे गणवेश मिळणार होते. गळ्यात टेप टाकून शिंपी दोन दिवस डेपोच्या कँटीनमध्ये बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन हात पसरून उभी राहिले. त्यानं यादी खालपासून वरपर्यंत पाहिली.

"ताई, यात गार्ड नाहीत. त्यांचं नंतर बघू म्हणालेत."

"नंतर म्हणजे कधी? आणि तोवर आम्ही काय पडदे गुंडाळून यायचं?"

तो बिचारा टेपशी खेळत बसला. त्याची काय चूक म्हणा. पण यादी कुणीतरी केली होती ना!

बावीस वर्षं मी गाडीच्या शेवटच्या डब्यात उभी आहे. डेपोत मला शंकाबाई म्हणतात. म्हणेनात का! माझे धाकटे दीरही गार्डच; मीच आठ वर्षांपूर्वी त्यांना अर्ज भरायला लावला. जावेला सातवा महिना लागलाय. घरात दोघं गार्ड, म्हणजे गार्ड गेले की आमच्या दोन्ही चुली एकदम थंड. मी शिंप्याचं सांगितलं तेव्हा दीर हसले.

"वहिनी, तुम्ही देवाकडंसुद्धा ओळखपत्र मागाल."

"मागेन. आणि फोटो जुळतो का तेही बघेन."

पहिली गाडी आली त्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, "या गाड्यांमुळं एकाचीही नोकरी जाणार नाही." टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. अहो, विचारलं होतं कुणी? न विचारता जो उत्तर देतो, त्याच्या खिशात प्रश्न असतोच.

गाडी मात्र देखणी होती, खोटं कशाला बोलू. आत नव्या चपलेसारखा वास. निघाली हे कळायलासुद्धा खिडकीबाहेर बघावं लागायचं. आमच्या डिझेलच्या म्हाताऱ्या गाड्या खोकत, कण्हत निघायच्या, तिथं ही नुसती सरकायची. मागच्या केबिनमध्ये गार्डसमोर कॅमेऱ्यांचे चार पडदे, प्रत्येकावर फलाटाचा एकेक तुकडा. दारं लागली की हिरवा दिवा. मग बटण दाबायचं, आणि ड्रायव्हरनं निघायचं.

घोळ होता तो त्या बटणात. जुन्या गाडीत दोन घंटा म्हणजे निघा, एक घंटा म्हणजे थांबा. बावीस वर्षं टिंग-टिंग. घरी दाराची बेलसुद्धा मी दोनदाच वाजवते. नव्या गाडीत बरोबर उलटं. एकदा दाबलं की गाडी निघणार, दोनदा दाबलं की दारं पुन्हा उघडणार. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्या गार्डांनी एवढ्या वेळा दारं उघडली की लोक विचारायला लागले, आत यायचं की बाहेर जायचं, एकदाचं ठरवा!

आणि प्रत्येक वेळी आतलं यंत्र कागदावर ओळ छापायचं. "गार्डची चूक. विलंब सात सेकंद." तो कागद मी भाऊजींच्या नाकासमोर धरला.

"बघा. शिंप्याची यादी आधी, हा कागद नंतर. महिनाभर चुका गोळा करायच्या आणि मग म्हणायचं, गार्डांमुळं गाड्यांना उशीर होतो. उलटं बटण काय आपोआप झालंय?"

भाऊजी या वेळी हसले नाहीत. त्यांच्या नावावर एकोणीस ओळी होत्या. "वहिनी, या महिन्यात मला घरी बसवलं तर?" एवढंच म्हणाले. जावेला इतक्यात सांगू नका, मी त्यांना म्हटलं.

चाचणीच्या तिसऱ्या आठवड्यात इंजिनियरबाई माझ्या केबिनमध्ये येऊन बसल्या. वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं, मांडीवर वही, बोलणं कमी. गार्ड हवा की नको याचा अहवाल याच लिहिणार, हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं. मी मनाला बजावलं, एकदा. एकदाच दाबायचं. बोटाला चिकटपट्टीसुद्धा गुंडाळली, आठवण राहावी म्हणून.

सात स्टेशनं नीट गेली. आठव्याला फलाट वळणदार आहे, आणि सकाळी ऊन थेट तिसऱ्या पडद्याच्या कॅमेऱ्यात शिरतं. तो पडदा पांढराफटक झाला होता. बाकी तीन मोकळे. हिरवा दिवा लागला. मी मान बाहेर काढली, खांबापलीकडं काही दिसेना. बाईंच्या पेनचा आवाज ऐकू येत होता, आणि कसलं डोकं नि कसलं काय, बोटं बावीस वर्षांची.

टिंग-टिंग.

दारं उघडली. मेले, असं मनात आलं. तेवढ्यात खांबामागून आरडाओरडा झाला.

एक म्हातारे गृहस्थ उतरले होते. त्यांची काठी मागं दारात अडकली होती, आणि काठीचा पट्टा मनगटाला घट्ट. काठी बारीक, दाराला कळलीच नाही. गाडी निघाली असती तर... आम्ही दोघी पोचलो तेव्हा ते काठी छातीशी धरून फलाटावर बसले होते. माझा हात धरून म्हणाले, "पोरी, तू पाहिलंस म्हणून वाचलो." मी त्यांना उठवून बाकावर बसवलं.

केबिनमध्ये परतल्यावर बाईंनी विचारलं, "दाराला कळलं नाही, ते तुम्हाला कसं कळलं? कुठल्या पडद्यावर दिसलं?"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. खरं सांगायचं तर एवढंच. पण डोळ्यासमोर भाऊजींच्या एकोणीस ओळी आल्या, जावेचं पोट आलं.

"तिसऱ्या," मी म्हटलं. "यंत्राला दिवा दिसतो, बाई. माणूस दिसायला माणूस लागतो."

त्यांनी तिसऱ्या पडद्याकडं पाहिलं, मग माझ्या बोटावरच्या चिकटपट्टीकडं, आणि वहीत लिहिलं. किती वेळ लिहीत होत्या!

पंधरा दिवसांनी शिंपी पुन्हा आला. यादीत सगळे गार्ड. भाऊजी डेपोभर सगळ्यांना मिठ्या मारत फिरले. जाऊ म्हणाली, "ताई, तुमच्या डोळ्यांनी आमचं घर वाचवलं." डोळ्यांनी म्हणे! मी तिची नजर चुकवून शिंप्यानं दिलेली पिशवी उघडत बसले.

मग पहिल्यांदा नवा गणवेश घालून मी केबिनमध्ये शिरले. बटणाखाली नवीन पाटी होती. बाई दारात उभ्या होत्या.

"गार्डांच्या अनुभवाचा मान राखून बदल केलाय," त्या म्हणाल्या. "आता जुन्यासारखंच. दोनदा दाबलं की गाडी निघणार. दारं उघडायला वेगळं बटण. तुम्हाला सोपं जाईल ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांना कळलंय की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पण मला कळलं. त्या दिवशी हीच पाटी असती, तर याच बोटांनी त्या म्हाताऱ्याला फरफटत नेलं असतं.

आता आठव्या स्टेशनावर मी पडदे बघतच नाही. खाली उतरते, खांबापलीकडं जाते, तिथल्या दारांना हात लावून बघते, मग परत येऊन टिंग-टिंग. भाऊजी विचारतात, वहिनी, आता कुणावर संशय? मी त्यांच्यापुढं चहा ठेवते. शिंप्यावर घेतला, साहेबांवर घेतला, बटणावर घेतला. जिच्यावर घ्यायचा ती बावीस वर्षं माझ्याच चपलांत उभी होती.

यंत्र रोज छापतं, "गार्ड. विलंब चाळीस सेकंद." छापू दे मेल्याला.